१२३८ वरचा खोटा रिपोर्ट

गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

खोली मिळाली! चाकणच्या अलीकडे, खराबवाडीच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटी खोली. खिडकीतून एका बाजूला कंपन्यांच्या निळ्या शेड, दुसऱ्या बाजूला अजून न विकलेलं हरभऱ्याचं वावर. थेरगावात सहा जणांत तीन महिने काढले आणि शेवटी मोबाइलच्या चार्जरवरून एकाची कॉलर धरून बाहेर पडलो. माझं असंच होतं. कॉलेजही असंच सुटलं. सरांनी सगळ्यांसमोर टोमणा मारला, मी त्यांच्यासमोर जर्नल फाडलं, आणि इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून चालता झालो. गावाकडे, औशाला, आई अजून शेजाऱ्यांना सांगते, गणराजला सुट्टी लागलीय.

घरमालक सोपानराव इथलेच, जुन्या गावातले. तीस वर्षं कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. त्यांच्या अंबूबाईंनी पहिल्याच दिवशी पिठलं-भाकरी वाढली आणि लग्न झालंय का विचारलं. नाही म्हटलं तर म्हणाल्या, व्हईल, चेहरा बरा हाय, कपाळावरची आठी तेवढी काढ.

सोपानरावांना नाद आहे रेडिओचा. एफएमचा नाही, जुन्या मिडियम वेव्हचा. दोन फुटांची लाकडी चौकट, तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार, मधे रेडिओ. दिवसा जवळचंच ऐकू येतं, पण दिवस मावळताना आणि पहाटे हजारो किलोमीटरवरची स्टेशनं इथवर पोचतात म्हणे. एरवी कंपन्यांच्या मशीनांची खरखर सगळं गिळून टाकते. पण गुरुवारी अख्ख्या पट्ट्याला सुट्टी, प्रेस बंद, वेल्डिंग बंद. गुरुवार हाच आमचा सण, म्हणाले.

आज गुरुवारच. संध्याकाळी त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. कुणीतरी फार लांबून बोलत होतं, आवाज वर येई, बुडे, पुन्हा वर येई. सोपानराव म्हणाले, इराण. अंगावर काटा आला. फार दिवसांनी बरं वाटलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सोपानरावांनी जुना एक रेडिओ आणि चौकट मला वापरायला दिली. जगभरच्या स्टेशनांकडून आलेल्या कार्डांचा अल्बमही दाखवला. लांबचं स्टेशन ऐकलं की त्यांना रिपोर्ट पाठवायचा: तारीख, वेळ, कोण काय बोललं, कुठलं गाणं लागलं. शिवाय पाच आकडे: आवाज किती मोठा, दुसऱ्या स्टेशनची लुडबुड किती, खरखर किती, चढउतार किती, एकंदर कसं. प्रत्येकाला पाचपैकी मार्क, पाच म्हणजे उत्तम. स्टेशन पडताळून बघतं आणि खरं असेल तर कार्ड पाठवतं. नियम एकच. ऐकलं तेवढंच लिहायचं. दोन शब्द कळले तर दोनच. आपल्याला तिथं कुणी बघत न्हाई, म्हणाले, म्हणून तर खोटं लिहायचं न्हाई.

मी कार्डांचा फोटो कॉलेजातल्या निवेदिताला पाठवला. कॉलेज सोडल्यापासून चार महिने तिने माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नव्हतं. आज दहा मिनिटांत आलं. "भारी आहे हे. तू एक तरी गोष्ट पुरी कर गणराज. असं एक कार्ड मिळवून दाखव, मग भेटू."

मग भेटू!! जानेवारीत ती बंगळूरला जाणार, पुढे तिकडेच. म्हणजे दोन महिने आहेत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आठवडाभर पहाटे साडेपाचला उठतोय, कंपनीची बस यायच्या आधी ऐकतो. तीन रिपोर्ट पाठवले. दोन ठिकाणांहून ईमेलवर "आभारी आहोत". ईमेल काय दाखवू तिला? तिसऱ्यांकडून काहीच नाही. सोपानराव म्हणतात, कार्डाला वर्षही लागतं, धीर धर. वर्ष! माझं डोकंच फिरलं, हेडफोन भिंतीवर आपटला.

त्यांच्या वहीत एक नोंद सापडली. या बँडवर दर नऊ आकड्यांनी एक जागा असते, १२३३, मग १२४२. मधे १२३८ ला कुणी नसतं. पण तिथे दर गुरुवारी पहाटे एक बारीक शिट्टी येते, स्टेशन चालू आहे पण कुणी बोलत नाही अशी. त्यांनी ती तीस वर्षं ऐकलीय. समोर पेन्सिलीने पत्ता लिहिलाय: पोस्टाची पेटी क्रमांक ११, पुढे एका बंदराचं नाव, "एकाने सांगितलं, खात्री नाही." मी विचारलं, कधी लिहिलं नाही? म्हणाले, लिहू काय? शब्द एक ऐकला न्हाई.

मी लिहिलं.

पहाटे ६.०२, बाईचा शांत आवाज. ६.०७, जुनं गाणं. ६.१५, श्रोत्यांची पत्रं वाचली. मार्क ४५४४४. सगळं माझ्या मनाचं. ते बंदर मोबाइलच्या नकाशात सापडलं नाही, नाव बदललं असेल. तिकिटं डकवून पेटीत टाकलं. कुणाचं काय वाईट होणार आहे?

बुधवार, १९ नोव्हेंबर

कार्ड आलं!!! सहा दिवसांत! समुद्राचं फिकट चित्र, मागे टाइप केलेलं: "आपण कळवलेला सर्व तपशील बरोबर आहे. यापुढे आम्हीही आपल्याला ऐकू." शेवटचं वाक्य जरा गमतीचं आहे, तिकडची रीत असेल. आणि सगळं मराठीत. माझा रिपोर्ट मराठीत होता म्हणून असेल.

निवेदिताला फोटो पाठवला. तिने फोन केला. स्वतःहून! सव्वीस मिनिटं. तिची सुट्टी रविवारी, माझी गुरुवारी, म्हणून मी ३० तारखेची रजा टाकणार. डांगे चौकात अकरा वाजता. सांगवीहून ती रिक्षाने येईल.

सोपानरावांना कार्ड दाखवलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पहाटे १२३८ लावलं, सहजच. शिट्टी होती. ६.०२ ला बाईचा आवाज आला. शांत. ६.०७ ला जुनं गाणं.

हसूच आलं आधी. मग ६.१५ ला ती म्हणाली, आता आम्ही ऐकलेले श्रोते. आणि वाचायला लागली. गणराज, खराबवाडी, तिसरा मजला. बुधवार, रात्री ८.१० ते ८.३६. फोनवर मुलीशी बोलणं. निवेदिता हा शब्द सात वेळा. मग एकटाच हसला. मार्क ५५५५५.

रेडिओचा सेल काढून ठेवला. 

कुणीतरी मस्करी करतंय. थेरगावचाच कुणी असणार. सापडला तर दात पाडीन.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज गुरुवार नाही. कंपन्या पूर्ण जोरात चालू आहेत, बाकी सगळा बँड खरखरीने भरलाय, पण १२३८ स्वच्छ. माझं कालचं सगळं वाचलं. अंबूबाईंशी पाण्यावरून वाद, आईला फोन, झोपेतलं बडबडणं. मार्क ४४४४४.

लाइनवर प्रेसमध्ये पत्रा अडकला, मी सुपरवायझर भीमराजला हाक मारली. तो तीन हाकांनंतर वळला. म्हणाला, भावा, तोंडात काय भरलंय, जरा मोठ्याने बोलत जा. मी? मला तर सगळे म्हणतात की हळू बोल.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

३३३३३.

सोपानरावांना सगळं खरं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, ते कानाला हात लावून "आं? आं?" करत होते. कळलं तेव्हा ओरडले नाहीत. कार्ड उलटून बघितलं. मग म्हणाले, पोरा, मी तीस वर्षं त्या शिट्टीला उत्तर दिलं न्हाई. तुला दोन आठवडे धीर निघाला न्हाई का? आत्ताच्या आत्ता लिही, की ऐकलं नव्हतं, खोटं होतं.

लिहिलं. माफीही मागितली. जन्मात पहिल्यांदा कुणाची माफी मागितली असेल.

फक्त रविवारपर्यंत आवाज राहू दे.

रविवार, ३० नोव्हेंबर

ती आली होती. पिवळा कुर्ता, केस कापलेत. रसवंतीच्या बाकावर समोरासमोर बसलो. कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं, हसली, म्हणाली, केलंस बाबा एकदाचं पुरं.

मग मी बोललो. चार महिने साठलेलं सगळं. जर्नल फाडलं त्याची लाज वाटते, पुन्हा प्रवेश घेणार आहे, तू बंगळूरला जा पण मला तोडू नकोस. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. थांबली. मग म्हणाली, काहीतरी बोल ना.

मी ओरडलो. भर डांगे चौकात, घसा फाटेपर्यंत. रसवाला ऊस घालत राहिला. शेजारच्या बाकावरचं पोरगं एकदा वळलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेलं.

तिचे डोळे भरले. म्हणाली, इथवर बोलावून तोंड फुगवून बसायचं होतं? अजून तोच राग? आणि उठून रिक्षात बसली.

आयुष्यात पहिल्यांदा मी रागावलेलो नव्हतो.

बुधवार, ३ डिसेंबर

माझं पत्र त्यांना पोचलं. आज तिने वाचलं. म्हणाली, श्रोत्याने आम्हाला ऐकलं नव्हतं, हे नोंदवलं आहे. आम्ही मात्र त्याला खरोखर ऐकतो. ऐकू येईल तोवर कळवत राहू.

२२२२२.

रेडिओ जिन्यावरून खाली टाकला. परत आणून लावला. चालू झाला. न ऐकून भागत नाही. माझं किती उरलंय ते दुसरीकडे कुठे कळणार?

शनिवार, ६ डिसेंबर

कंपनीच्या गेटवर चेहरा दाखवून हजेरी लावायचं मशीन आहे. आज अकरा वेळा उभा राहिलो. "चेहरा आढळला नाही." सिक्युरिटीवाला माझ्या खांद्यावरून मागच्याला म्हणाला, चला राव, पुढं या, मशीन मोकळंच हाय.

आईला फोन लावला. हॅलो, हॅलो, कोण आहे, गणू का रे? बोल ना बाळा. हॅलो.

तिने ठेवला.

मंगळवार, ९ डिसेंबर

निवेदिताला एकोणीस मेसेज. प्रत्येकावर एकच टिक.

सोपानरावांच्या हातात चिठ्ठी दिली. लिहिलं होतं, मी आहे, इथेच आहे. त्यांनी ती घडी करून डुगडुगत्या खाटेच्या पायाखाली घातली. अंबूबाईंना म्हणाले, त्या पोराचा काय निरोप? असा न सांगता जायचा न्हाई तो.

मी दोघांच्या मधे उभा होतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

११११११ लिहिलं चुकून. पाचच आकडे. १११११.

बाई आज एवढंच म्हणाली, जवळजवळ नाही. मग बंद. गाणं नाही. शिट्टी नाही.

मी शिवी घातली — आणि रेडिओतून ऐकू आली. माझीच. १२३८ वर. बारीक, लांबून, वर येणारी, बुडणारी. पुन्हा बोललो. पुन्हा आली.

आज कंपन्या बंद आहेत, म्हणून ऐकू येतोय मी. सोपानरावांच्या रेडिओतही येत असणार. धावत खाली त्यांच्याकडे गेलो — ते इराण ऐकत होते. काटा फिरवायला हात घातला, माझ्या बोटांनी तो हलेना —

माझा रेडिओ हलतो. फक्त माझा. आणि ही वही.

तो चालूच ठेवायचा.

शनिवार, १३ डिसेंबर

खाली पाटी. "खोली भाड्याने देणे आहे."

भूक लागत नाही. सेल किती दिवस —

रविवार, १४ डिसेंबर

खाली तिचा आवाज. निवेदिता. शोधत आली —

आईने फोन केला होता तिला. सोपानराव सांगतायत, व्हता हो, गुणी पोरगा, सामान टाकून गेला. जिना चढतायत —

दारात आहे. माझ्याकडे बघते. नाही. माझ्यामागच्या खिडकीकडे —

रडते आहे. काका, मीच त्याला तसं सोडून निघून गेले म्हणते —

लिहितोय तेच ओरडतोय. रेडिओतून येतंय. खरखरीच्या पार तळाशी पण येतंय, मला ऐकू येतंय —

ती थांबली. वाकली. कान जवळ नेला —

निवेदिता मी इथे. रागावलो नाही. मी इथे —

काका, यात कुणी बोलतंय का?

सोपानराव म्हणतात, न्हाई गं बाळ, रविवार आज, कंपन्या चालू हायत, नुसती खरखर. कर बंद. सेल उगाच —

तिचा हात. बटणावर. निवेदिता हात काढ, मी अजून बोल