मेहरबानीची सीट
घाटंजी, शुक्रवार संध्याकाळ

यांना लॉ कॉलेजात प्रवेश मिळाला, माजी सैनिकांच्या राखीव जागेवर. तरी तोंड उतरलेलं. सीईटीत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण यांनी कितीतरी प्रश्न कोरे सोडले. लेक म्हणाली, "बाबा, तुक्का तरी मारायचा!"

"खात्री नसली का आमी गोळी चालवत नाही."

आम्ही दोघी हसलो. यांना मात्र ते कोरे प्रश्न टोचत होते. "मेहरबानीची सीट भेटली मले."

मेहरबानी कसली? हे सीमेवर असताना पोरीचा ताप, सासूबाईंचं आजारपण, कापसाची वेचणी, सगळं मी एकटीनं निभावलं... राहवलं नाही. म्हटलं, "त्यातली अर्धी सीट माही हाय."

बोलायला नको होतं का? पण हे कितीतरी दिवसांनी खुलून हसले. "चाल मंग कालेजात, बस माह्या बाजूले."