संडासाचं दार परदेशी निघालं

४ जानेवारी

ती. दादास,
ठिणगीचा सा. न. वि. वि.

कळवण्यास अत्यंत दुःख होतं की आपल्या कारखान्याच्या संडासाला कालपासून दार नाही. तिथे जुनी चादर टांगली आहे. वारा सुटला की चादर आपलं कर्तव्य विसरते, म्हणून आत गेलेल्याने मोठ्याने गावं असा नियम मी केला. मिस्त्रींना एकच गाणं येतं, तेही अर्धं. त्यांचं पोट बिघडलं की ते अर्धं गाणं किती वेळा ऐकावं लागतं, याची तुला घरबसल्या कल्पना यायची नाही. माणसाने सोसावं तरी किती!

दार कुठे गेलं म्हणशील. दार परदेशी निघालंय, आणि त्याच्या मागोमाग मी.

हे फोनवर सांगितलं असतं. पण बाबा गेल्यापासून आपला नियमच आहे, कारखान्याचं बोलणं कागदावर. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ओरडतोस आणि चौथ्याला मी फोन आपटते. पत्र आपटता येत नाही. फाडता येतं, पण तोवर वाचून झालेलं असतं.

तर मार्चमध्ये परदेशात दारं-खिडक्यांच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतंय. परवा आपले मऊशेठ येऊन गेले. आपला निम्म्याहून जास्त माल हेच उचलतात, म्हणून खुर्ची पुसून दिली. बोलणं नेहमीसारखं लोण्याचं. म्हणाले, ताई, तुमच्या बिजागऱ्या माझ्या जागेत मांडू, जगाला दाखवू. फक्त तो मुंगीचा ठसा तेवढा घासून टाका, तिथे माझं नाव येईल. आणि मग कायमचंच येईल. तुम्ही बनवा, मी विकतो, डोक्याला ताप नाही. तसा कागद तुझ्याकडेही पाठवलाय म्हणाले.

दादा, बाबांनी त्या मुंगीचा साचा स्वतः कोरला होता. सहावा पाय नीट येईना म्हणून तीनदा नवा केला. ती मुंगी मी घासायची, आणि वर मऊशेठचं नाव ठोकायचं? मी त्यांना चहा दिला आणि प्रदर्शनात स्वतःची जागा घेतली. सगळ्यात लहान, सगळ्यात कोपऱ्यातली. पण आपली.

तिथे मी दुसरं काही मांडणार नाही, ते दारच मांडणार. बाबा म्हणायचे, घाईत असलेला माणूस दार सभ्यपणे उघडत नाही. म्हणून बिजागरीची परीक्षा संडासाच्या दारावर. नवी बिजागरी आधी तिथे वर्षभर लागायची, कुरकुरली की बाद. जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवता बुजवता त्या दाराच्या कडेला नक्षी झाली आहे. आपल्या साऱ्या धंद्याचा इतिहास त्या कडेवर आहे. आणखी कसला माहितीपट हवा?

वहिनींना नमस्कार. रागावलास तर रागाव, पण पोटभर रागाव आणि लगेच लिही.

तुझी,
ठिणगी


११ जानेवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. लोक परदेशी प्रदर्शनात काचेची कपाटं नेतात, दिवे नेतात, गालिचे नेतात. आमची बहीण संडासाचं दार नेते. शेजाऱ्यांनी विचारलं तर मी काय सांगू?

मऊशेठ इथेही येऊन गेले. त्या कागदावर मी सही केली आहे. आता तुझी राहिली. अर्धा कारखाना तुझा, अर्धा माझा, तेव्हा तुझ्या सहीशिवाय काही होत नाही हे मला ठाऊक आहे आणि तुलाही. तू ते पत्रात लिहिलं नाहीस एवढाच तुझा मोठेपणा.

मी तुझा वैरी नाही. तुझी पन्नाशी उलटली. मिस्त्रींना एका खिळ्याचे दोन दिसतात. मऊशेठनी माल घेणं थांबवलं तर त्या बिजागऱ्या तू कोणाच्या दाराला लावणार? त्यांनी तसं थेट म्हटलं नाही, पण जाताना आपल्या कामगारांची फार आस्थेने चौकशी केली. मी चाळीस वर्षं कचेरीत काढली आहेत. आस्था कुठून सुरू होते ते मला कळतं. मुंगीला पंख कधी फुटतात हे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस.

तरी थोरला म्हणून एक संधी देतो. त्या प्रदर्शनात मुंगीच्या ठशावर एक तरी धड ऑर्डर मिळव, मी माझी सही खोडतो. नाही मिळाली तर परत येऊन मुकाट्याने माझ्या खाली सही करायची. रडारड नाही, बाबांचा फोटो दाखवणं नाही.

तब्येत सांभाळ. तिकडे थंडी असते.

तुझा,
दादा

ता. क. – तुझा दादा पाकीट शोधायला उठलाय तेवढ्यात लिहिते. स्वेटर पाठवतेय, बाही एक लांब झाली आहे, तीच पुढे करून हात मिळव. आमचं स्वयंपाकघराचं दार अजून तसंच किंचाळतं. बिजागऱ्यांच्या घरात लग्न करून आल्याचा एवढाच काय तो फायदा! तुझा भाऊ रात्री डब्याला हात घालायला गेला की मला झोपेतही कळतं. तू जा. आणि सही करू नकोस. – वहिनी


२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अट मान्य. बाबांचा फोटो मी घरीच ठेवून जाते. तूही एक मान्य कर: हरलास तर 'मी तुला आधीच सांगितलं होतं' हे वाक्य उरलेल्या जन्मात वापरायचं नाही. तुझं निम्मं बोलणं बंद पडेल, पण इलाज नाही.

इथे नुसती धांदल आहे. माहितीपत्रक छापायला दिलं होतं. छापखानेवाल्याने त्यावर दाराला टेकून हसणारी एक बाई टाकली. मी विचारलं, ही कोण? म्हणे, गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मी म्हटलं, बिजागरीकडे बघून आजवर कोणी हसलंय का? त्याने बाई काढली, पण तेव्हापासून माझ्याशी जपून बोलतो.

पारपत्राच्या फोटोसाठी मिस्त्रींनी श्वास रोखून धरला. फोटोत ते नुकतेच पाण्याबाहेर काढल्यासारखे दिसतात. मी त्यांना म्हटलं, यायलाच हवं असं नाही. तर म्हणाले, ताई, त्या दाराला आजवर जेवढे स्क्रू लागले ते माझ्या हाताने लागले. ते तिकडे जाणार आणि मी इथे चादरीमागे गात बसू?

दार काल रवाना झालं. आधी घासून पुसून तेल दिलं, मग चार पदर गुंडाळून पेटीत घातलं. बिजागऱ्या, स्क्रू, पिना, पेचकस, सगळं दोनदा तपासलं. एक खिळासुद्धा विसरलो नाही.

मऊशेठचा माणूस येऊन गेला. पुढच्या महिन्याचा माल नको म्हणाला. आस्था सुरू झाली, दादा. मी त्याला सांगितलं, बरं झालं, आम्हाला तेवढीच बांधाबांधीला फुरसत.

वहिनींना म्हणावं स्वेटर मिळाला, मी तो घालून झोपते.

लोभ आहेच, तो अटीत घालू नकोस.

तुझी,
ठिणगी


९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र परदेशातल्या एका खोलीतून लिहितेय. खोलीचं दार अडकतं. पण ते असो.

आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे तुला सुखाने पुढे वाचता येईल. आम्ही चौकट विसरलो.

दार आणलं, बिजागऱ्या आणल्या, आणि ज्यावर दार टांगायचं ती चौकट कारखान्याच्या भिंतीतच राहिली. दोनदा तपासलं, पण तपासलं ते सगळं हलणारं सामान. जन्मभर आम्ही हलणाऱ्या बाजूकडेच बघत आलो, त्याचं हे फळ. इथल्या सुताराने चौकटीची जी किंमत सांगितली त्यात मिस्त्रींच्या मते घर येतं. पेटी उघडल्यावर त्यांनी चौकटीसाठी आधी पेटीचा तळ चाचपला. मग दोन रिकामी खोकी ओढली, दार त्यांवर आडवं ठेवलं आणि त्यावर बिजागऱ्या मांडल्या. आमचं दार सध्या टेबल आहे.

जागा कशी आहे विचार. दालनाच्या टोकाला, प्रसाधनगृहाच्या दाराला लागून. आणि ते दार, दादा! कोणी आत गेलं की किंचाळतं, बाहेर आलं की विव्हळतं. आमच्याशी बोलायला थांबलेला माणूस तिसऱ्या किंकाळीला पळतो.

मऊशेठ मुद्दाम चक्कर मारून गेले. त्यांची जागा प्रवेशापाशी, पाय बुडेल असा गालिचा. आमच्याकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, ताई, माल अगदी आपल्या जागी पोचला. सोबतच्या लोकांनाही सांगून हसवलं. मी म्हटलं, हो शेठ, आणि इथे कधी ना कधी तुम्हालाही यावंच लागेल. त्यांचं हसू तेवढ्यापुरतं आटपलं.

आजच्या दिवसात एकानेही काही मागितलं नाही. हे तुझ्यापासून लपवत नाही. पण मिस्त्री मघापासून त्या किंचाळणाऱ्या दाराकडे बघतायत, आणि त्यांची ती नजर मी ओळखते.

१२ मार्च. पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं.

त्या प्रसाधनगृहाची देखभाल एक दांडगी बाई करते. तिची भाषा आम्हाला येत नाही, आमची तिला. मी दाराकडे बोट दाखवून कानांवर हात ठेवले. तिनेही ठेवले, आणि डोळे असे फिरवले की मला आपल्या आत्याची आठवण झाली. मग मिस्त्रींनी एका हातात बिजागरी धरली, दुसऱ्यात पेचकस. बाईने इकडेतिकडे पाहिलं, फोन करून कोणाला तरी दरडावून विचारलं आणि मान हलवली.

आज सकाळी दालन उघडायच्या आत मिस्त्रींनी जुन्या बिजागऱ्या उतरवल्या. भोकं जुळेनात. मी घाबरले, परक्या देशात संडासाचं दार मोडून ठेवलं तर कोणत्या तोंडाने परत येऊ? मिस्त्रींनी आमच्या खोक्याची फळी फोडली, खुंट्या केल्या, ठोकल्या, घासल्या आणि नवी भोकं पाडली. आपल्या दाराच्या कडेवर जी नक्षी आहे ना, तीच तिथे उमटली. मग दार लावलं. उघडलं. लावलं. काही नाही. मुंगी चालल्याएवढासुद्धा आवाज नाही. त्या बाईने मला अशी मिठी मारली की वहिनींची लांब बाही आणखी लांब झाली.

त्यानंतरची गंमत अशी. तीन दिवस किंचाळीची सवय झालेले लोक खांदे आवळून दार ढकलायचे, आणि आवाज येत नाही म्हटल्यावर तिथेच थबकायचे. पुन्हा उघडायचे, पुन्हा लावायचे. वाकून मुंगी बघायचे. मग वळून आमच्या टेबलाकडे. माहितीपत्रकं संपली. दुपारी बाई दालनांच्या व्यवस्थापकाला दंडाला धरून घेऊन आली. त्याने ते दार दहादा उघडलं. आतलं काम असलेला एक माणूस बाहेर ताटकळत उभा होता, त्याच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. एक दुभाषी मुलगी बोलावली आणि तिच्याकरवी विचारलं, सगळ्या दालनांची सगळी प्रसाधनगृहं धरली तर किती दिवसांत द्याल?

दादा, ऑर्डर झाली. लेखी. ठसा कोणता, या रकान्यात मी स्वतःच्या हाताने मुंगी काढली. सहाही पाय.

संध्याकाळी मऊशेठ आले. त्यांना खरंच जायचं होतं, चालीवरून कळत होतं. दार ढकललं, थबकले, मुंगी पाहिली. बाहेर येऊन म्हणाले, आपण असं करू, माझं नाव वर आणि मुंगी खाली बारीक. मी म्हटलं, शेठ, मुंगी स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओझं उचलते, पण दुसऱ्याच्या नावाचं नाही. इथे पुढच्या वर्षीही प्रदर्शन आहे. तुम्ही याल, पाणी प्याल, आणि मग तुम्हाला रोज आमची मुंगी भेटेल.

पंख फुटले, दादा. मेली नाही.

लोभ वाढव, आता तरी.

तुझी,
ठिणगी


२५ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

सही खोडली. शाई जास्त लागली.

एका ऑर्डरीने आयुष्य निघत नाही, मऊशेठचा माल बंद तो बंदच, पुढे काय करणार ते लिही. वाटेल तर हिशेब बघायला मी महिनाभर येऊन राहीन. कचेरीतून सुटल्यापासून मला ओरडायला कोणी नाही.

शेजाऱ्यांना मी दाराची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं नव्हतं.

तुझा,
दादा

ता. क. – खोडताना तुझ्या दादाने तीच रेघ चारदा ओढली, आणि मला म्हणाला, पेन खराब आहे. काल स्वयंपाकघराचं दार पाच वेळा उघडून ऐकत उभा होता. डबा हातात नव्हता, मी नीट बघितलं. – वहिनी


३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ये. महिनाभर कशाला, हवा तेवढा राहा. ओरडायला मिस्त्री आहेत, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

दार परत आलं आणि आपल्या चौकटीत बसलं. परदेश पाहून आल्याचा त्याला काही गर्व नाही, पहिल्याच दिवशी कोणीतरी घाईत लाथेने उघडलं. गाण्याचा नियम रद्द केला. मिस्त्री तरीही गातात.

सोबतच्या पुडक्यात वरती ऑर्डरीची नक्कल आहे, ती वाच. तिच्याखाली जुन्या कापडात दोन बिजागऱ्या आणि स्क्रू आहेत. तुझ्या लग्नात बाबा म्हणाले होते, सूनबाईच्या दारांचं मी बघतो. मग आधी गिऱ्हाईक, घरचं मग, असं करत ते राहिलं, आणि बाबांमागून मीही तसंच राहू दिलं. या दोन आम्ही आपल्या दारावर पारखल्या आहेत. वरची आधी बसव. वहिनींना काही सांगू नकोस, त्यांचं त्यांना कळेल.

दार लावून बघ. आवाज आला तर पत्र पाठव. नाही आला तरी पाठव.

तुझी,
ठिणगी