न्यूझीलंडात अडकलेल्या अक्षता

शिकागो, ५ फेब्रुवारी २००६

ती. मालिनीआत्यास,

राजसचा साष्टांग नमस्कार. (खरोखरच घातला असता, पण माझ्या खोलीत कॉट आणि हीटर यांच्यामध्ये तेवढी जागा नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? पुरुषोत्तमकाकांची शुगर? त्यांना म्हणावं, पायाची बोटं रोज उजेडात नीट बघत जा. हे भाचा म्हणून नाही, नर्स म्हणून सांगतोय.

मी मजेत आहे. इथली नर्सिंगची डिग्री पंधरा महिन्यांत झाली, लायसन्सची परीक्षाही पहिल्या फटक्यात पास झालो. (तू सांगलीत सगळ्यांना ‘राजस डॉक्टरसारखंच काहीतरी करतो’ असं सांगतेस म्हणे. नको सांगूस. परवा तुझ्या शेजारच्या आजोबांनी फोन करून हर्नियाचं ऑपरेशन किती दिवस लांबवता येईल ते विचारलं.)

आता न्यूझीलंड. तेच का, असं तू विचारणारच. तर एका पेशंटच्या खोलीत त्या देशाचं कॅलेंडर होतं. ब्लडप्रेशर घेता घेता माझी नजर तिकडे गेली. डोंगर, तळं, मेंढ्या, आणि माणूस एकही नाही. (ब्लडप्रेशर परत घ्यावं लागलं.) तिथल्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलने माझ्यासाठी जागा एप्रिलअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. तोवर तिकडच्या नर्सिंग कौन्सिलने मला रजिस्टर केलं तर मी निघालो, नाहीतर जागा दुसऱ्याची. आणि आत्या, तिथे गेलो की मी स्थिर होणार. कायमचा. या वेळी नक्की.

कौन्सिलला एकच शंका होती, की पंधरा महिन्यांत माणूस नर्स कसा होतो? मी कळवलं, बाईसाहेब, हा ॲक्सिलरेटेड कोर्स आहे, आधीची एक डिग्री असल्याशिवाय त्यात घेतच नाहीत. म्हणजे माझं बॉटनीचं बीएस्सी, ज्याला बाबा आजही ‘गवताची पदवी’ म्हणतात, तेच आता मला तारणार. त्याचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचं गुणपत्रक, विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात हवं होतं. जे काम लोकांना महिनोन् महिने जमत नाही ते तू एका फेरीत केलंस. खिडकीतल्या साहेबांना जेवायलाही उठू दिलं नाहीस, असं बाबा सांगत होते. तुझे उपकार मी विसरणार नाही.

फक्त एवढंच, की सील तू फोडलंस. (समजू शकतो. आपल्या घरात ऑफिसातून आलेला कागद मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे जातच नाही.) मग तो देवापुढे ठेवून चारी कोपऱ्यांना कुंकू लावलंस. मग खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट करून आणलास. आणि नव्या पाकिटात घालून, वर मूठभर अक्षता टाकून कुरियरने न्यूझीलंडला रवाना केलास.

आता तो देश पडला शेतीचा. बाहेरून बुटाला माती लागून आलेलीसुद्धा त्यांना चालत नाही. कस्टमवाल्यांनी पाकीट उघडलं तर आत वनस्पतिशास्त्राची पदवी आणि सोबत लाल धान्य! त्यांना वाटलं, उमेदवाराने नमुना जोडलाय.

कौन्सिलच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी डेव्हन ॲव्हेन्यूवर, इथल्या देशी बाजारात, नोटरीकडे होतो. (हा नोटरी मिठाईच्या दुकानात मागच्या टेबलावर बसतो, त्यामुळे आधी जिलबी होते, मग सही. तिथली जिलबी चांगली, पण विष्णूच्या देवळाजवळ तू नेलं होतंस तिथल्यासारखी नाही.) तर हातात जिलबी, कानाला फोन.

“हे तांदूळ खाण्यासाठी आहेत की पेरण्यासाठी?”

“दोन्ही नाही, मॅडम. डोक्यावर टाकण्यासाठी.”

“कोणाच्या?”

“बहुतेक तुमच्या.”

बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, तुझ्या आत्याचा तुझ्यावर फार जीव दिसतो. मी म्हटलं, हो, त्या जिवापायीच माझी नोकरी जायची वेळ आलीय. अक्षता त्यांनी नियमाप्रमाणे जाळल्या. बाई मनाने चांगल्या आहेत, आणि माझी फाइल त्यांनी अजून बंद केलेली नाही.

तेव्हा काळजीचं काही कारण नाही. सगळं जवळजवळ झालेलंच आहे. काकांना नमस्कार.

तुझाच,
राजस

ता. क. : जवळजवळ म्हणजे, तुला पुन्हा एकदा विद्यापीठात जावं लागेल. सील फोडलेला कागद चालत नाही. या वेळी पाकीट त्यांनीच बंद करायचं आणि त्यांनीच पोस्टात टाकायचं. तू नुसती शेजारी उभी राहा, हात पाठीमागे बांधून. आणि पुढच्या आठवड्यातच जा, नाहीतर एप्रिल हातचा जाईल.

दुसरा ता. क. : देवापुढे ठेवल्याशिवाय तुला राहवणार नाही हे मला माहीत आहे. झेरॉक्स ठेव. देवाला चालते.

तिसरा ता. क. : जातेच आहेस तर एकाऐवजी चार पाकिटं माग. एक न्यूझीलंडचं. आयर्लंडमध्येही नर्सेस हव्या आहेत म्हणे, आणि कॅनडा इथून बसने जाण्यासारखा आहे. चौथं कुठे पाठवायचं ते अजून ठरलेलं नाही, पण लागेलच. बाबांना मात्र एकाचंच सांग.