घरगुती कारणास्तव

४ मार्च
कारखाना बंद होणार! महिनाअखेरीस कुलूप. सुपरवायझरने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, वर म्हणतो, "घाबरू नका, कायद्याने भरपाई मिळते." पुन्हा टेबलावर बसले, हातमोज्यांच्या जोड्या लावायला. डावा-उजवा, डावा-उजवा. तीन पाकिटांत मी दोन्ही डावे घातले. बारा वर्षांत पहिल्यांदा!

५ मार्च
भरपाई कोणाला, किती — कोणालाच धड माहीत नाही. शिलाईवाली म्हणते वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, पॅकिंगवाला म्हणतो महिन्याचा. जाऊबाई माझ्याच टेबलावर असतात. त्या बोटं मोजत बसल्या होत्या. मुलीची नर्सिंगची फी त्यातून भरायची म्हणे. "तू शिकलेली, तू विचारून ये." शिकलेली! दहावी, तीही धापा टाकत.

७ मार्च
कामगार कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाई बऱ्या होत्या. "सलग सेवा किती?" बारा वर्षं. "मध्ये राजीनामा?" नाही म्हटलं. मग म्हटलं, म्हणजे... तसे सगळेच देतात. बाईंनी चष्मा काढला. "राजीनामा दिला की सेवा तुटते. स्वतःहून सोडणाऱ्याला भरपाई नाही."
पण सोडलं कोणी? दरवर्षी मालमोजणीला आठ दिवस कारखाना बंद असतो. त्याआधी सुपरवायझर सगळ्यांचे राजीनामे घेतो, नवव्या दिवशी सगळे परत कामावर. फॉर्मॅलिटी म्हणायचा. आम्ही त्याला सहीचा दिवस म्हणायचो. त्या दिवशी चहा फुकट असायचा.

८ मार्च
आणि ते राजीनामे लिहायचं कोण? मी! अक्षर चांगलं ना! "तुझ्या हातचं वाचायला बरं वाटतं," तो म्हणायचा आणि मी फुगायचे. वर सगळ्यांचं एकच कारण बरं दिसत नाही म्हणून डोकं चालवायचे. कोणाचं घर बदललं, कोणाची बहीण बाळंत. जाऊबाईंच्या पत्रांत मी सासूबाईंना दोनदा लकवा आणला, एकदा तर वरच धाडलं. आणि सासूबाई आत्ता समोर बसून लसूण सोलतायत!

११ मार्च
जाऊबाईंना सांगितलं. "पण आपण गेलोच कुठे होतो?" दहा वेळा तेच. काय सांगू? चूक लिहिणाऱ्याची, सही करणाऱ्याची की करून घेणाऱ्याची? डोक्याचा भुगा झालाय.

१४ मार्च
भरपाईची यादी लागली. चौतीस जणांपुढे "अपात्र, सेवा खंडित". एकापुढे "पात्र". ते नाव माझं!
तीनदा वाचलं. मग लक्षात आलं — माझा राजीनामा मी कधी लिहिलाच नाही. चौतीस लिहून हात भरून यायचा. "माझं?" विचारलं की सुपरवायझर म्हणायचा, बघू नंतर. कोणी बघितलंच नाही.
शिलाईवाली म्हणाली, "हुशार निघालीस!" जाऊबाई एकट्याच पुढे निघाल्या. घरी दोघींनी एकाच ओट्यावर स्वयंपाक केला, त्यांनी त्यांची कणीक वेगळी मळली. आणि मला आनंद झाला का? झाला. थोडासा. लिहायला लाज वाटते.

१७ मार्च
अपात्र ठरलेल्यांनी कामगार कार्यालयात तक्रार केली. आज सुपरवायझर मला भरपाईचा चेक दाखवून गेला. हातात दिला नाही. आधी एका कागदावर सही हवी — राजीनामे ज्याचे त्याने स्वतःच्या मर्जीने सांगून माझ्याकडून लिहून घेतले, असं. म्हटलं, यादीत पात्र आहे ना मी? मग सही कशाला? म्हणे फॉर्मॅलिटी. परत तेच! नवरा म्हणतो, "घेऊन टाक, त्यांचं तसंही गेलंय." त्याचं चुकतंय असंही वाटत नाही. पटतही नाही.

१९ मार्च
सही केलेली नाही. करणार नाही असंही ठरलेलं नाही.

२० मार्च
कामगार कार्यालयात तक्रारीची सुनावणी. तिथल्या साहेबांनी राजीनाम्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "इतक्या जणांचं अक्षर एकच कसं? कोणी लिहिले हे?" सुपरवायझर माझ्याकडे बघत होता, चेक खिशात. बाकी चौतीस जणांनी माना खाली घातल्या. एकानेही माझं नाव घेतलं नाही. मी उठायला लागले तर जाऊबाईंनी मनगट घट्ट धरलं. "बस खाली! तुझे तरी मिळू देत."
हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "मी."