बाईंच्या शिळेखालचं स्टूल

मी खाली सही करणार, वय एक्याऐंशी, धंदा सुतारकाम, अक्कल शाबूत, दात सोळा. कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. दबाव आणणारी एकच होती, माझी बायको. ती आधीच पुढे जाऊन जागा धरून बसली आहे.

कलम १. राहतं घर थोरल्या मुलीला. दार कुरकुरतं, त्याला तेल घालू नये. जावई किती वाजता आले ते त्यावरूनच कळतं.

कलम २. करवती, रंधे, गुण्या, हातोड्या जावयांना. पटाशी मात्र नाही. त्यांनी पटाशीनं रंगाचा डबा उघडला होता, मी विसरलेलो नाही. पटाशी नातीला.

कलम ३. खाचा पाडलेली लाकडी पट्टी मुलींच्या शाळेला. तिची हकीकत अशी. इथे मुलींची पहिली शाळा मोठ्या बाईंनी काढली, तेव्हा मुली चार. बाप विचारत, "शिकून काय दिवे लावणार पोरी?" बाई म्हणत, "अंगठा कुठे उमटवायचा ते तुम्हाला दाखवतील." पहिला फळा मी बसवला. बाईंनी मान वर करून पाहिलं. "सुतारदादा, वर्गात जिराफ बसणार आहेत का?" तेव्हापासून दर वर्षी पहिल्या दिवशी सगळ्यात बुटकी मुलगी पट्टीला पाठ लावून उभी राहते, मी खाच पाडतो आणि फळा त्या मापानं खाली येतो.

मागचे बाक दुरुस्त करता करता मीही वाचायला लागलो. एकदा बाईंनी पकडलं.

"दोन तास झाले, अजून तोच खिळा?"

"डोकं टणक आहे, बाई."

"खिळ्याचं?"

"माझं."

दुसऱ्या दिवशी माझ्या खिळ्यांच्या डब्यात पाटी आणि पेन्सिल होती.

कलम ४. खरं कलम हेच. बाई गेल्यावर चर्चच्या भिंतीत त्यांची स्मृतिशिळा बसवली. कारभारी सहा फुटी. त्यांनी आपल्याच नाकाच्या मापानं जागा ठरवली. नात उड्या मारून दमली. "आजोबा, बाईंचं नाव कुठंय?" मी घरी आलो, स्टूल केलं, शिळेखाली नेऊन ठेवलं. कारभाऱ्यांनी उचललं. "देवाच्या घरात अडगळ नको, दादा." मी पुन्हा ठेवलं. अकरा वर्षं झाली, दर रविवारी ते उचलतात, मी ठेवतो. पण मी गेल्यावर ठेवणार कोण? याच काळजीनं हे सगळं लिहायला बसलो.

म्हणून सदरहू स्टूल त्या त्या वर्षीच्या सगळ्यात बुटक्या मुलीच्या मालकीचं राहील, ते शिळेखालीच राहील. मालकिणीला विचारल्याशिवाय हलवता येणार नाही. कारभाऱ्यांनी तिच्याकडे लेखी अर्ज करावा. अक्षर स्वच्छ असावं.

ठिकाण : घरामागचं कामाचं खोपटं
दिनांक : ९ जून, रविवार. उद्या शाळा उघडते.
सही : सुतार

साक्षीदार :
१. शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका. (पट्टीवरची खालून तिसरी खाच यांची.)
२. चर्चचे कारभारी. (साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते असं वकील म्हणाले, म्हणूनच यांना बोलावलं.)

कारभाऱ्यांच्या हातचं, सहीखाली :
मजकूर वाचला. स्टुलाचा एक पाय डुगडुगतो, पोरगी पडेल. दुरुस्तीला नेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. अर्जदार मीच. मालकिणीचं नाव उद्या खाच पडली की भरीन.