शेवटच्या थांब्यावरची मुलगी

आप्पा, शाळा सुरू झाली. सकाळी तळेगावातून व्हॅन बाहेर काढेपर्यंत जीव नको होतो. तुमच्या वेळी या रस्त्याला तुमची जीप, एखादी एसटी आणि सायकली असायच्या. आता रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या, शिफ्टला पळणाऱ्या मोटरसायकली आणि दप्तरं पाठीला लावलेली पोरं, सगळी एकाच वेळी रस्त्यावर येतात. त्यात माझी ही पिवळी व्हॅन. तुमची मुलगी शाळेची गाडी चालवते, हे तुम्ही पाहिलं नाहीत.

बाजरी काढलेल्या मोकळ्या रानात तुम्ही मला जीप शिकवत होतात, तेव्हा स्टँडवर कुणीतरी म्हणालं होतं, "आप्पा, पोरीला ड्रायव्हर केलंत, आता लगीन क्लीनरशी लावनार व्हय?" तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "पोरगी माझी हाय, गाडी बी माझी हाय. तुला कुठं दुखतंय?" मला मात्र तुम्ही एकदाच रागावलात. न्हावऱ्याच्या रस्त्याला मेंढरं आडवी आली आणि मी हॉर्नवरचा हात काढेना, तेव्हा. तुम्ही किल्ली फिरवून इंजिन बंद केलंत. "ती पायी हायेत. आपून बसल्यालो हाये. थांबायचं कुनी?" मेंढरं पार जाईपर्यंत तुम्ही किल्ली हातातच धरून बसलात.

परवा शाळेचा पहिला दिवस होता. माझ्या शेवटच्या थांब्यावर यंदा एक नवी मुलगी आहे, अगदी लहान. आईबाप बिहारकडचे, कंपनीत कामाला. खोल्या रस्त्याच्या पलीकडे. दुपारी तिला सोडायला थांबले तर दुसऱ्या शिफ्टची गर्दी अशी, की दोन्हीकडून कुणी थांबायला तयार नाही. पलीकडे तिची आई नुसती हात हलवतेय. शेवटी मी व्हॅन रस्त्यात आडवी लावली, खाली उतरले आणि पोरीचा हात धरला. मागे कंपनीची बस होती. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "ओ ताई, रस्ता काय तुमचा हाय का? लोकांची शिफ्ट चुकंल की!" मी म्हटलं, "चुकू द्या."

मध्यावर आलो आणि पोरीचा बूट निघाला. वाढत्या अंगाचा म्हणून मोठा घेतलेला. ती तिथंच, डांबरावर बसून तो घालायला लागली. हॉर्नांचा नुसता कल्लोळ. तेवढ्यात एक मोटरसायकल व्हॅनच्या पुढून, साइडपट्टीवरून आत घुसली. मी पोरीला दंडाला धरून ओढलं आणि त्याचं हँडल माझ्या कोपरावर आदळलं. तो थांबलाही नाही. पोरीला काही लागलं नाही. बूट हातात घेऊन ती हसत आईकडे पळाली. आई तिला उराशी धरून रडायला लागली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दीदी, आपको डर नहीं लगा?" मी मान हलवली. "नहीं, नहीं. रोज का है."

घरी आले. तुमचे जावई गेल्यापासून कपभरच चहा टाकते. मुलगा पुण्यात, त्याचा फोन रविवारी येतो, आणि त्याला सांगितलं असतं तर तो पहिलं म्हणाला असता, आई, गाडी सोड. कोपर काळंनिळं झालं होतं. हळद गरम करून डाव्या हातानं लावली, नीट लागली नाही. कुणाला तरी दाखवावं म्हणून उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. शेजारीण ओट्यावर फोनवर बोलत होती. परत आत आले.

हे कुठं पाठवायचं नाही. पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही लगेच पायात वहाणा घातल्या असत्या. पण त्या बाईला मी खोटं सांगितलं, आप्पा. परत व्हॅनमध्ये बसले तेव्हा माझा पाय क्लचवर ठरत नव्हता. मागची सगळी गर्दी ओरडत होती आणि मला गाडी सुरू करता येत नव्हती.