मुंगवड्याचा दिवस

ती. आईले पुण्याहून उज्ज्वलाचा दंडवत.

मी बरी आहो. आमच्या हापिसात कायचेबी दिवस पाळतात. पिझ्झ्याचा झाला, डोनटचा झाला. म्हून काल मीनं फळ्यावर लिहलं, ‘आज मुंगवडा दिवस’, अन् वडे तळून नेले. पहिला आपण चुलीले देतो. तिथं मायक्रोवेव्हपुढं ठेवला. सारे हासले, पण वडे सफा!

साहेब म्हणे, असा दिवस कुठं असते? म्हटलं, पांढरकवड्याच्या स्टँडवर, माह्या आईच्या गाड्यावर रोजच असते. साहेब जरा फुगून आहे, पण नोकरी शाबूत आहे.

तुहा गुडघा कसा आहे?

शामदादा फोनवर म्हणे, रविवारी मले पाहाले पाहुणे येतात, तवा गाडा झाकून ठेवू. खबरदार! त्याइले गाड्यापाशीच बसव. पहिला वडा चुलीले, दुसरा नवरदेवाले. त्यानं तोंड वाकडं केलं, त मले पाहाची गरज नाही.

मुंगवडेवालीची पोरगी,
उज्ज्वला